लाईट गेली तरी घर चाललं पाहिजे: मराठवाड्यातल्या स्मार्ट घराची निगा आणि दुरुस्ती

स्मार्ट स्विच बसवायला अर्धा दिवस लागतो. तो दोन-तीन उन्हाळे टिकवायचा कसा, याबद्दल मात्र खोक्यावर काही छापलेलं नसतं. ही उपकरणं बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जे घर असतं तिथे वीज जात नाही, नळाला रोज पाणी येतं आणि भिंती चार-सहा इंचांच्या असतात. लातूर, बीड, परभणी, जालन्याकडे यातलं एकही गृहीत धरता येत नाही. म्हणून इथे आधी वायरिंगकडे आणि पाण्याच्या मोटारीकडे बघायचं, ॲपकडे नंतर.

ज्यांनी नुकतेच दोन-चार स्विच, एखादा कॅमेरा, टाकीचा सेन्सर बसवलाय किंवा येत्या दिवाळीला बसवणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एक सूचना आधीच देतो. बोर्ड उघडण्याआधी मेन बंद करायचा, इन्व्हर्टरही बंद करायचा आणि टेस्टरने खात्री करायची. इन्व्हर्टर विसरल्यामुळे ‘मेन तर बंद होता’ म्हणत शॉक खाल्लेली माणसं गावोगाव भेटतात.

बिघाड शोधायचा क्रम

काही चालेनासं झालं की बहुतेक जण मोबाईल हातात घेतात, ॲप काढून परत टाकतात आणि शेवटी उपकरण रिसेट करतात. रिसेटने नाव, वेळापत्रक, सगळं पुसलं जातं आणि मूळ कारण जागच्या जागी राहतं. क्रम असा ठेवा: आधी वीज, मग नेटवर्क, मग ते उपकरण आणि सगळ्यात शेवटी तुम्ही लावलेले नियम. एका वेळी एकच बदल करायचा, आणि काय बदललं ते वहीत लिहायचं. मोबाईलमध्ये नको, वहीतच. मोबाईल बदलतो, वही मीटरच्या पेटीत राहते.

पहिला प्रश्न नेहमी हाच: एकच गोष्ट बंद आहे की सगळ्या? एकच असेल तर ते उपकरण किंवा त्याची वायर. एका खोलीतल्या सगळ्या बंद असतील तर तिथली एमसीबी (जास्त भार आला की पडणारा खटका) किंवा वाय-फायची पोच. घरभर सगळंच गेलं असेल तर राउटर किंवा हब, म्हणजे सगळी स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारा छोटा संगणक. एवढ्याने निम्मं काम उरकतं.

वीज

यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडच्या तक्रारींचा मोठा भाग इथूनच येतो.

आधी न्यूट्रल बघा. आपल्या जुन्या घरांत स्विचबोर्डपर्यंत फक्त फेज आणलेला असतो. न्यूट्रल परस्पर छतावरून दिव्याला जातो. स्मार्ट मॉड्यूलला (बोर्डात स्विचमागे बसणाऱ्या छोट्या डबीला) स्वतः चालू राहायला सहसा न्यूट्रल लागतो. बिनन्यूट्रलची मॉड्यूलं मिळतात, पण ती दिव्यातूनच थोडा प्रवाह ओढतात, त्यामुळे कमी वॅटचे एलईडी बंद असतानाही मिणमिणतात. घराचं काम चालू असेल तर वायरमनला प्रत्येक बोर्डात न्यूट्रल टाकायला आत्ताच सांगा. हा न्यूट्रल कोणत्या लायनीचा, हेही विचारा. इन्व्हर्टरचा आणि मेनचा न्यूट्रल एकमेकांत मिसळला की ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी (विजेची गळती दिसली की लाईन तोडणारा खटका) कारण नसताना पडत राहते, आणि लोक बिचाऱ्या स्विचला दोष देतात.

पुढचा मुद्दा व्होल्टेजचा. बहुतेक मॉड्यूलांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे संध्याकाळी व्होल्टेज १७० वर आलं तरी ती तग धरतात. मारतं ते वरचं व्होल्टेज. थ्री-फेज घरात न्यूट्रल ढिला झाला तर एका फेजवरचे दिवे मंद होतात आणि दुसऱ्यावरचे झगझगीत पेटतात. असं दिसलं तर विचार करत बसू नका. मेन पाडा आणि वायरमनला बोलवा. तेवढ्या वेळात टीव्ही, फ्रिज, राउटर सगळ्यांचा फडशा पडू शकतो.

यावर उपाय म्हणून मीटरनंतर पेटीतल्या पट्टीवर (रेलवर) बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो लाईन तोडतो. त्यात लाईट परत आल्यावर किती वेळाने जोडायचं, हेही ठरवता येतं. तो वेळ दोन-तीन मिनिटांचा ठेवा. कारण लाईट येते तेव्हा सरळ येत नाही. येते, जाते, परत येते, पुन्हा जाते, मग टिकते. आता हे आठवा की पुष्कळशा स्मार्ट बल्बांना नव्याने जोडायचं असेल तर तीन ते पाच वेळा पटापट चालू-बंद करायचं असतं. लाईटच्या या लपंडावात बल्बला वाटतं मालकच रिसेट करतोय. सकाळी उठावं तर बल्ब उघडझाप करत नवीन वाय-फाय शोधत बसलेला. टास्मोटा (कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या जागी घालायचं मोफत सॉफ्टवेअर) टाकलेल्या उपकरणांतही हीच सोय आहे. सहा-सात वेळा थोड्या थोड्या सेकंदांनी वीज गेली-आली की ते कारखान्यातून आल्यासारखं कोरं होतं. त्यातल्या ‘सेटऑप्शन६५’ (SetOption65) या सेटिंगला १ ही किंमत दिली की ही सवय बंद होते. आपल्या भागात उपकरण हाती आल्यावर पहिलं काम हेच करावं, असं माझं मत आहे.

लाईट परत आल्यावर उपकरणाने कोणत्या अवस्थेत यायचं, ही सेटिंगही लगेच तपासा. परभणीहून भाचीचा फोन आला होता:

“मामा, रात्री दोनला लाईट आली अन् घरातले सगळे दिवे लागले! आज्जी उठून बसली, म्हणली चोर शिरला.”

“स्विचच्या सेटिंगमध्ये ‘पॉवर-ऑन’ काय ठेवलंय बघ.”

“ऑन दिसतंय.”

“दिव्यांना ‘आधीची स्थिती’ कर. अन् मोटारीला, गिझरला ‘बंद’च. तिथं दुसरं काही ठेवू नको.”

गिझर आणि मोटार यांना ‘आधीची स्थिती’ही नको. चालू असताना लाईट गेली आणि चार तासांनी आली, तेव्हा घरात कुणी असेलच असं नाही.

अर्थिंगकडे उन्हाळ्यात विशेष लक्ष द्या. काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते, अर्थिंगच्या सळईपासून सुटते आणि जोड कमकुवत होतो. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्ट चालतात. पाचच्या वर सतत दिसत असेल तर वायरमनकडून अर्थिंग आणि न्यूट्रलचे जोड तपासून घ्या. उन्हाळाभर खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायला काही खर्च येत नाही.

विजांचं वेगळं. वळवाच्या पावसात मराठवाड्यात विजा फार पडतात. मुख्य पेटीत सर्ज (विजेची अचानक उसळी) अडवणारा सर्ज प्रोटेक्टर असावा, आणि अर्थिंग नीट असेल तरच त्याचा उपयोग. त्याच्या छोट्या खिडकीतला रंग हिरव्याचा लाल झाला की तो कामातून गेला, बदला. गच्चीवरच्या कॅमेऱ्याची तांब्याची लॅन केबल ही सर्ज घरात यायची दुसरी वाट. आभाळ भरून यायला लागलं की, गडगडाट सुरू व्हायच्या आधीच, ती राउटरच्या बाजूने काढून ठेवणं सगळ्यात स्वस्त. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं. ते मुळात माणसांच्या जिवासाठी आहे, पण केबल काढायची आठवण म्हणूनही कामाला येतं.

मोटार आणि टाकी

आपल्याकडे बरेच जण ऑटोमेशनकडे वळतात ते दिव्यांसाठी नाही, पाण्यासाठी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे ज्याने पाहिलंय त्याला टाकी भरून वाहणं म्हणजे काय ते सांगायला नको.

मोटार थेट स्मार्ट प्लगवर लावू नका, त्यावर १६ ॲम्पिअर लिहिलेलं असलं तरी. तो आकडा गिझर-इस्त्रीसारख्या लोडचा. मोटार सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. त्या ठिणगीने आतल्या रिलेचे (विजेवर चालणाऱ्या छोट्या खटक्याचे) संपर्क एकमेकांना चिकटतात. मग ॲपमध्ये ‘बंद’ दिसतं आणि मोटार चालूच राहते. यावर इलाज कॉन्टॅक्टरचा, म्हणजे आतल्या कॉइलला वीज मिळाली की चुंबकाने ओढल्या जाणाऱ्या दणकट खटक्याचा. स्मार्ट रिले फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलला वीज देईल आणि मोटारीचा भार कॉन्टॅक्टर उचलेल.

कॉन्टॅक्टर बसवल्यावर संध्याकाळी कर्रर्र आवाज येत असेल तर घाबरून रिले बदलू नका. कॉन्टॅक्टरला त्याच्या ठरलेल्या व्होल्टेजच्या साधारण ८५ टक्के तरी लागतं. २३० च्या कॉइलला म्हणजे १९५ च्या आसपास. व्होल्टेज त्याखाली गेलं की तो धड ओढतही नाही, धड सोडतही नाही, आणि थरथरून संपर्क जाळतो. उपाय सोपा: व्होल्टेज २०० च्या खाली असेल तर मोटार सुरूच करायची नाही, असा नियम लावा. वीज मोजणारं स्मार्ट मॉड्यूल असेल तर तो आकडा तुमच्याकडे असतोच.

टाकी भरल्यावर मोटार बंद होणं वाय-फायवर सोडू नका. साधा तरंगता फ्लोट स्विच कॉइलच्या वायरीतच ओळीने जोडा. इंटरनेट नसो, राउटर नसो, हब मेलेला असो, टाकी भरली की मोटार थांबेल. त्यावर दुसरं कुलूप म्हणून मॉड्यूलच्या आतच जास्तीत जास्त वेळ घाला. टाकी भरायला चाळीस मिनिटं लागत असतील तर पन्नास मिनिटांनी मोटार आपोआप बंद. हा टायमर मॉड्यूलमध्येच हवा. हबमध्ये ठेवला तर हब बंद पडल्यावर काय, हा प्रश्न उरतोच.

बोअरला पाणी कमी झालं की मोटार कोरडी फिरते आणि जळते. त्याआधी ती एक खूण देते: पाणी येणं थांबलं की ती ओढते तो विजेचा प्रवाह एकदम उतरतो. भरल्या बोअरवर मोटार चालवून किती वॅट घेते ते वहीत लिहून ठेवा. पुढे तो आकडा नेहमीच्या साठेक टक्क्यांखाली वीस-तीस सेकंद राहिला तर मोटार बंद आणि तासभर सुट्टी, असा नियम करा. हा एक नियम मार्च ते जूनमध्ये तुमचे जळलेली मोटार पुन्हा भरून (रिवाइंड करून) घ्यायचे पैसे वाचवतो.

टाकीतल्या सेन्सरांबद्दल थोडक्यात. इलेक्ट्रोडवाले सेन्सर आपल्या बोअरच्या क्षारांच्या पाण्यात पांढरे पडतात आणि मग टाकी रिकामी असतानाही ‘भरली’ सांगतात किंवा उलटं. व्हिनेगरमध्ये बुडवून घासून घ्या. ध्वनिलहरींवर चालणारे, जेएसएन-एसआर०४टी सारखे सेन्सर पाण्याला लागत नाहीत, पण तोंडाजवळच्या वीस-पंचवीस सेंटिमीटरमधलं त्यांना दिसत नाही. पाणी तिथवर चढलं की आकडा वेडावाकडा येतो. म्हणून तो झाकणाच्या वर छोट्या पाइपात उंच बसवा. पहाटे तोंडावर दव धरलं तरी असंच होतं. एकच आकडा खरा धरू नका, पाच घेऊन मधला घ्या.

नेटवर्क

राउटर आणि फायबरचा डबा हे दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत, आणि शिवाय त्यांना १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएसही. इन्व्हर्टर असताना तो कशाला? बऱ्याच इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा खटका असतो. नॉर्मलवर लाईट जाण्या-येण्याच्या क्षणी जरा उशीर होतो आणि राउटर पुन्हा सुरू होतो. यूपीएसवर तो टिकतो, पण मग इन्व्हर्टर कमी व्होल्टेज सहन करत नाही, थोडं उतरलं की बॅटरीवर जातो. जिथे रोज संध्याकाळी १७० असतं तिथे बॅटरी रोज रिकामी. त्यामुळे खटका नॉर्मलवर ठेवा आणि राउटरला वेगळा छोटा यूपीएस द्या. आणखी एक फायदा असा की लाईट आल्यावर सगळी उपकरणं एकदम जागी होतात तेव्हा राउटर आधीच तयार असतो. नाहीतर काही स्वस्त मॉड्यूलं दोन-चारदा शोधून हात टेकतात.

स्वस्तातली बहुतेक वाय-फाय उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. नवीन जोडताना अडत असेल तर राउटरमधलं ५ गिगाहर्ट्झ तेवढ्यापुरतं बंद करा आणि सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए३ ऐवजी डब्ल्यूपीए२ निवडा. चॅनेल १, ६, ११ पैकी एक कायम ठेवा. प्रत्येक उपकरणाला राउटरमध्ये कायमचा नेमलेला पत्ता (आयपी) द्या, म्हणजे लाईट गेली-आली तरी हबला ते जिथल्या तिथे सापडतं. राउटर बदलायची वेळ आली तर नव्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. नेमलेले पत्ते तेवढे नव्यात परत द्यावे लागतात, बाकी घर आपोआप जोडलं जातं. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढा. लग्नसराईत सगळ्या भावकीला दिलेला पासवर्ड नंतर बदलायचा म्हणजे प्रत्येक बल्बपाशी शिडी लावणं आलं.

माळवदाचं घर किंवा जुना वाडा असेल तर गोष्ट वेगळी. दोन-दोन फुटांच्या दगड-मातीच्या भिंती वाय-फाय गिळून टाकतात. ओसरीतला राउटर आतल्या खोलीपर्यंत पोचत नाही, हे मान्य करून चौकातून लॅन केबल टाका आणि आत दुसरा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारा डबा) बसवा. बिनतारी रिपीटरवर रिपीटर लावून अशा घरात काही भलं होत नाही.

झिगबी (स्मार्ट उपकरणांचं वाय-फायहून वेगळं बिनतारी जाळं) वापरत असाल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. त्यात बॅटरीवरचे सेन्सर आपला निरोप जवळच्या विजेवरच्या प्लगकडे देतात, तो पुढच्याकडे, असा हातोहात हबकडे जातो. लाईट गेली की मधले प्लग मरतात आणि दाराचा सेन्सर मुका होतो. लाईट आल्यावरही काही सेन्सर बराच वेळ जुनीच वाट धरून बसतात. म्हणून निदान एक-दोन झिगबी प्लग इन्व्हर्टरच्या लायनीवर ठेवा. हबला लावायचा झिगबीचा डोंगल (यूएसबीचा छोटा रेडिओ) यूएसबी ३ च्या खोबणीत थेट खुपसू नका, ती खोबण २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट करते. हातभर लांबीची यूएसबी वायर मध्ये घाला.

हब

घरचा हब रास्पबेरी पायवर (तळहाताएवढ्या संगणकावर) होम असिस्टंट हे घर चालवायचं मोफत सॉफ्टवेअर टाकून केला असेल तर दोन दुखणी ठरलेली: कार्ड आणि घड्याळ. लिहिता लिहिता वीज गेली की मेमरी कार्ड खराब होतं. कार्डाऐवजी एसएसडी (चिपवाली डिस्क) लावा आणि ॲडॉप्टर मूळचाच वापरा. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ ॲम्पिअर लागतो, मोबाईलचा जुना चार्जर तिथे पुरत नाही. पाय ४ मध्ये स्वतःचं घड्याळही नाही. लांबलचक लाईट गेल्यानंतर तो जागा होतो आणि इंटरनेट मिळेपर्यंत त्याला जुनीच वेळ खरी वाटते. पहाटे पाचचा मोटारीचा नियम मग दुपारी बाराला लागतो. डीएस३२३१ घड्याळाचा छोटा मॉड्यूल बसवा, तो नाण्याएवढ्या बॅटरीवर वेळ धरून ठेवतो. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते.

उन्हाळ्यात हब माळ्यावर, पत्र्याखाली किंवा बंद पेटीत ठेवू नका. ८० अंशांच्या पुढे पाय स्वतःच वेग कमी करतो आणि सगळं घर सुस्तावतं.

होम असिस्टंटची नवी आवृत्ती दर महिन्याला येते. आली की लगेच टाकायची घाई नको, आणि गावाला निघायच्या आदल्या रात्री तर मुळीच नको. आधी बॅकअप, तोही पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर काढलेला. ज्या एसएसडीवर सगळं आहे त्यावरच ठेवलेला बॅकअप तिच्याबरोबरच जातो.

रंगीत तालीम

सगळं नीट चालू असताना एखाद्या रविवारी मुद्दाम बिघाड करून बघा. इंटरनेटची वायर काढा. दिवे भिंतीवरच्या बटणाने लागतात का? नियम चालतात का? जी उपकरणं परदेशातल्या सर्व्हरला विचारल्याशिवाय हलत नाहीत ती इथे उघडी पडतात. ती कमी महत्त्वाच्या कामाला वापरा. मग हब बंद करून बघा. मग मेन पाडून, पाच मिनिटांनी चढवून, काय आपोआप परत आलं आणि कशाला हात लावावा लागला ते लिहा. त्या यादीतल्या गोष्टी एकेक करून दुरुस्त करायच्या.

वर्षाची निगा

पाडव्याच्या सुमारास इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर, हबच्या पेटीला हवा, बोअरच्या वॅटचा नवा आकडा. मृगाच्या आधी बाहेरच्या पेट्यांची रबरं आणि वायर शिरते ती भोकं बंद, सर्ज प्रोटेक्टरची खिडकी, सेन्सरांच्या बॅटऱ्या. दसऱ्याच्या साफसफाईत बोर्ड उघडून धूळ काढा. पावसाळ्यात आत मुंग्या घर करतात, आणि पाल संपर्कात सापडून जळालेली असली तर तुमचा न उमगलेला बिघाड तिथेच सापडतो. स्क्रूही तेव्हाच आवळा. तापणं-गार होणं यात ते ढिले पडतात आणि ढिला स्क्रू प्लास्टिक वितळवतो.

शेवटचं काम कागदाचं. मीटरच्या पेटीच्या दाराला आतून एक कागद चिकटवा: कोणती एमसीबी कशाची, मोटार हाताने चालू-बंद कशी करायची, स्मार्ट मॉड्यूल बाजूला टाकायचा बायपासचा खटका कुठला, वायरमनचा नंबर. मराठीत, मोठ्या अक्षरात. मग तुम्ही घरात नसताना आईला किंवा सासऱ्यांना तो वाचून मोटार एकदा सुरू करायला सांगा. जिथे ते अडखळतील ती ओळ पुन्हा लिहा.